नावीन्य तपासताना क्लेममधला शब्द कसा वाचायचा? एकटा, की वर्णनासकट?

आरेखक

गेले दोन आठवडे एकाच शब्दाभोवती डोकं फिरतंय, म्हणून धागा काढतो आहे. पेटंटचं काम करणारे इथे बरेच आहेत. न करणाऱ्यांनीही वाचा, कारण प्रश्न मुळात भाषेचा आहे. (क्लेम म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागतो ते सांगणारं अर्जातलं वाक्य, आणि वर्णन म्हणजे तीच गोष्ट सविस्तर समजावणारा बाकीचा मजकूर.)

मी एका झडपेचा अर्ज लिहिला होता. पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी साधी झडप, स्प्रिंग नाही, बिजागरी नाही. क्लेम 1 थोडक्यात असा: प्रवाहमार्ग असलेलं अंग, त्या मार्गातली बैठक, आणि बैठकीवर सुटी पडलेली एक चकती. प्रवाह आला की चकती उचलली जाते, उचलली असताना मोकळी फिरते आणि परत बसताना दर वेळी वेगळ्या जागी टेकते. त्यामुळे झीज एकाच ठिकाणी होत नाही. (अर्ज इंग्रजीत होता, इथे मराठी शब्द वापरतो.)

पेटंट कार्यालयातल्या परीक्षकांनी एक जुना दस्तऐवज पुढे केला. त्यात चकती नाही, गोळी आहे. शंकूसारख्या बैठकीवर सुटी गोळी, पाण्याने उचलली जाते, फिरते, परत बसते. मी निर्धास्त होतो. गोळी आणि चकती यांतला फरक पहिल्या दिवशी वर्कशॉपमध्ये आलेल्या मुलालाही कळतो. तसं उत्तर लिहून पाठवलं.

सुनावणीत परीक्षकांनी माझ्याच अर्जाचा परिच्छेद 27 वाचून दाखवला. तिथे मी लिहिलं होतं: ‘या दस्तऐवजात चकती म्हणजे सपाट, बहिर्वक्र, गोलाकार किंवा तत्सम आकाराचा, प्रवाहमार्ग बंद करणारा कोणताही हलता भाग.’

ते वाक्य मी जाणूनबुजून घातलं होतं. उद्या कुणी चकतीला थोडा फुगवटा देऊन नक्कल केली तर तो सुटू नये म्हणून. त्याच वाक्याने गोळी माझ्या क्लेमच्या आत आणून बसवली. आणि गोळी आत आली की नावीन्य गेलं, कारण क्लेममधली एकूण एक गोष्ट त्या एकाच जुन्या दस्तऐवजात सापडते.

माझा प्रश्न असा. क्लेममधला ‘चकती’ हा शब्द वाचणाऱ्याला स्वच्छ कळत असताना वर्णनात जाऊन त्याचा अर्थ बदलून आणायचा परीक्षकाला अधिकार आहे का?

मृण्मयी_द

आरेखक, तुमची झडप आणि युरोपातलं जी 1/24 हे प्रकरण यांत विलक्षण साम्य आहे.

ते पेटंट तंबाखू न जाळता गरम करणाऱ्या कांडीचं. क्लेममध्ये तंबाखूच्या पत्र्याबद्दल एक विशेषण होतं. त्या धंद्यातल्या माणसाला त्याचा अर्थ कळतो: चुण्या पाडून, दुमडून गोळा केलेला पत्रा. जुन्या दस्तऐवजात पत्रा होता, पण चटईसारखा गुंडाळलेला. नेहमीच्या अर्थाने वाचलं तर गुंडाळलेला आणि चुण्या पाडलेला हे वेगळे, म्हणजे नावीन्य टिकतं. पण त्याच पेटंटच्या वर्णनात त्या शब्दाची व्याख्या दिली होती आणि ती बरीच रुंद होती. वळवलेला, दुमडलेला किंवा कांडीच्या अक्षाला आडव्या दिशेने कसाही दाबलेला पत्रा तिच्यात बसत होता. ती व्याख्या धरली तर गुंडाळी आत येते आणि नावीन्य जातं.

युरोपीय पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळाने जून 2024 मध्ये टी 439/22 या प्रकरणातून प्रश्न विस्तारित अपील मंडळाकडे, म्हणजे तिथल्या सर्वांत वरच्या मंडळाकडे, पाठवला. तोवर युरोपीय कार्यालयातच दोन पंथ होते. एक म्हणे वर्णन नेहमी पाहा. दुसरा म्हणे क्लेम वाचून अडलं तरच पाहा, एरवी नाही. विस्तारित मंडळाचा निर्णय 18 जून 2025 ला आला. पेटंटयोग्यता तपासताना क्लेम हाच आरंभबिंदू आणि पाया, पण त्याचा अर्थ लावताना वर्णन आणि आकृत्या नेहमी पाहायच्या. क्लेम संदिग्ध असेल तेव्हाच पाहायच्या असं नाही.

तेव्हा तुमच्या परीक्षकांनी परिच्छेद 27 उघडला यात निदान युरोपच्या चष्म्यातून काही गैर दिसत नाही.

कातळ

मला हे पटत नाही आणि का ते सांगतो. मी पेटंटवाला नाही, यंत्रं बनवतो. माझ्या दृष्टीने क्लेम म्हणजे शेताचा बांध. बांध कुठे आहे ते बांधावर उभं राहून दिसलं पाहिजे. ‘चकती’ लिहिलंय, मी गोळी वापरतो, विषय संपला. आता तुम्ही सांगता की ऐंशी पानांच्या वर्णनात कुठे तरी चकतीत गोळीही येते असं लिहिलं असेल तर तेही धरायचं. मग क्लेम वेगळे लिहायला लावायचे कशाला?

आणि शब्द स्पष्ट असताना अर्थ शोधायला दुसरीकडे जायचं, हे कुठलं शास्त्र?

आरेखक

कातळ, सुनावणीत मी अगदी हेच म्हणालो होतो. बांधाची उपमा मात्र सुचली नव्हती.

जुनाजाणता

कातळ यांच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण खरी गाठ तिथेच आहे.

‘शब्द स्पष्ट आहे’ हे तुम्ही अर्थ लावल्यानंतरच म्हणू शकता. चकती म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे सपाट गोल तुकडा आला, कारण तुम्ही यंत्रं बनवता. मणक्यांचा डॉक्टर असता तर पाठीच्या कण्यातली गादी आली असती. म्हणजे अर्थ लावायचं काम झालेलं असतं, फक्त आपल्याला ते जाणवत नाही. विस्तारित मंडळाच्या निर्णयातला मला सर्वांत पटलेला भाग हाच. क्लेम स्पष्ट आहे असं ठरवणं हीच मुळात अर्थ लावण्याची क्रिया आहे, त्यामुळे ‘अस्पष्ट असेल तरच अर्थ लावा’ ही अट स्वतःच्याच पायात अडकते.

आपल्याकडे हे फार आधी सांगून झालं आहे. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज हा सर्वोच्च न्यायालयाचा 1978 चा निकाल. पेटंट होतं भांडी लेथवर धरून ठेवण्याच्या साधनाचं. न्यायालयाने जुन्या इंग्रजी निकालाचा आधार घेत सांगितलं की क्लेम आधी वाचून मग वर्णनाकडे वळणं ही उलटी पद्धत झाली. आधी वर्णन वाचा, म्हणजे कशावर हक्क सांगितला जाणार आहे त्यासाठी मन तयार होतं, मग क्लेम वाचा. (ते पेटंट टिकलं नाही. कारागिराच्या रोजच्या सुधारणेपलीकडे त्यात काही नाही असं ठरलं.)

अनेक वर्षं फायली तपासल्या आहेत, त्या अनुभवावरून सांगतो. क्लेम आधी वाचला की मनात एक चित्र बसतं आणि मग वर्णन त्या चित्रात कोंबलं जातं. उलट क्रमाने वाचलं की शब्द त्याच्या घरातल्या माणसांसह भेटतो.

नवशिका

मी सध्या पेटंट एजंटच्या परीक्षेची तयारी करतोय, म्हणून विचारतो. आम्हाला शिकवलंय की वर्णनातली मर्यादा क्लेममध्ये आणून बसवायची नाही. आता म्हणताय वर्णन नेहमी वाचायचं. दोन्ही एकदम कसं जमणार?

मृण्मयी_द

नवशिका, वाचणं वेगळं आणि उसनं घेणं वेगळं. याचं सर्वांत चांगलं उदाहरण अमेरिकेतलं फिलिप्स विरुद्ध एडब्ल्यूएच हे 2005 चं प्रकरण. पेटंट तुरुंगासारख्या इमारतींना लागणाऱ्या मजबूत भिंतींचं. भिंतीच्या पोकळीत पोलादी आडपट्ट्या होत्या. वर्णनात आणि आकृत्यांत त्या तिरप्या दाखवलेल्या, आणि तिरप्या असल्यामुळे बंदुकीच्या गोळ्या दुसरीकडे वळतात असा फायदाही सांगितलेला. प्रतिवादीच्या भिंतीत पट्ट्या काटकोनात होत्या. मग पेटंटातली ‘आडपट्टी’ म्हणजे तिरपीच का?

न्यायालयाने संपूर्ण पीठापुढे ऐकून सांगितलं की वर्णन हा शब्दाचा अर्थ समजून घ्यायचा सर्वांत भरवशाचा मार्ग, नुसता शब्दकोश पुरेसा नाही. त्या वर्णनाने पट्टीचे अनेक उपयोग सांगितले होते. गोळी वळवणं हा त्यांतला एक. प्रत्येक पट्टीने प्रत्येक उपयोग साधलाच पाहिजे असं कुठे म्हटलं नव्हतं. म्हणून काटकोनातली पट्टीही आत.

म्हणजे वर्णन शेवटपर्यंत वाचलं, आणि वाचूनच ठरवलं की त्यातली तिरपी मांडणी हे उदाहरण आहे, अट नाही.

आरेखक यांच्या बाबतीत उलट घडलं. त्यांचा परिच्छेद 27 उदाहरण देत नाही, ‘या दस्तऐवजात चकती म्हणजे’ अशी सरळ व्याख्या करतो. तुम्हीच तुमचा शब्दकोश लिहिलात तर वाचणारा तोच उघडणार.

वेदवती

मी रसायनातली. आमच्याकडे हा वाद ‘धातू’ आणि ‘तांबं’ या उदाहरणातून शिकवतात. जुन्या दस्तऐवजात तांबं असेल तर तुमचा ‘धातू’ नवा राहत नाही. जुन्यात नुसतं ‘धातू’ असेल तर तुमचं ‘तांबं’ अजून नवं असू शकतं. म्हणजे क्लेमचा शब्द जितका रुंद, तितका तो नावीन्याच्या कसोटीवर जास्त उघडा पडतो. परिच्छेद 27 ने तुमच्या तांब्याचा धातू केला.

यातली पेटंटधारकांची दुटप्पी वागणूक मला जास्त टोचते. हक्क बजावताना क्लेम केवढा तरी मोठा, आणि कुणी जुना दस्तऐवज दाखवला की तोच क्लेम एवढासा. इटलीतले प्राध्यापक मारिओ फ्रान्झोसी यांनी याला अंगोरा मांजराची उपमा दिली आणि 2008 मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाच्या निकालात ती आली. वैधतेला आव्हान दिलं की मांजर अंग चोरून इवलंसं होऊन झोपतं, आणि नक्कल करणाऱ्याच्या अंगावर सोडलं की केस पिंजारून दुप्पट दिसतं. आपल्याकडे खायचे दात आणि दाखवायचे दात म्हणतात ते हेच.

आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढेही हे मांजर आलं होतं. ग्लिवेक या कर्करोगावरच्या औषधाचं प्रकरण, निकाल 1 एप्रिल 2013. नोव्हार्टिस कंपनीचं म्हणणं असं की तिच्याच आधीच्या झिमरमन पेटंटच्या कक्षेत इमॅटिनिब मेसिलेट (ग्लिवेकमधला औषधी पदार्थ) येतं हे खरं, पण त्यात ते उघड केलेलं नाही. कक्षा वेगळी, प्रकटन वेगळं. न्यायालयाने हे अंतर मानलं नाही. मेसिलेट हा झिमरमन पेटंटपासून ज्ञात पदार्थ ठरवला. त्या निकालात एक बारकावा आहे तो मी कधी विसरत नाही. याच झिमरमन पेटंटच्या जोरावर ब्रिटनमध्ये एका भारतीय कंपनीला औषध विकायचं थांबवा अशी नोटीस गेली होती. तिकडे सगळं आत म्हणायचं आणि इकडे आत नाही म्हणायचं, हे न्यायालयाच्या नजरेतून सुटलं नाही.



कातळ

वेदवती, तुमच्या पोस्टने माझा अर्धा विरोध गळाला. दोन्हीकडे एकच माप लावायचं असेल तर मला वर्णन वाचायला हरकत नाही. मी नक्कल केली की नाही हे ठरवताना परिच्छेद 27 वापरणार असाल, तर झडप नवी आहे की नाही हे ठरवतानाही तोच वापरा. एकदा इकडे, एकदा तिकडे असं नको.

जुनाजाणता

आणि युरोपात नेमकं तेच करायचा प्रयत्न आहे. एकीकृत पेटंट न्यायालयाच्या अपील पीठाने फेब्रुवारी 2024 मध्ये, नॅनोस्ट्रिंग आणि टेनएक्स जीनोमिक्स यांच्या वादात, हेच सांगितलं होतं. वर्णन आणि आकृत्या नेहमी सोबत घ्यायच्या, उल्लंघन असो की वैधता. पेटंट देणारं कार्यालय एका पद्धतीने वाचतंय आणि तेच पेटंट नंतर न्यायालय दुसऱ्या पद्धतीने वाचतंय ही फार विचित्र स्थिती होती. विस्तारित मंडळाने हा मेळ नसणं अनाकर्षक मानलं.

एक महत्त्वाची गोष्ट: युरोपीय पेटंट करारातलं कुठलं कलम याचा पाया, यावर मंडळाने हात टेकले. कलम 69 संरक्षणाच्या व्याप्तीबद्दल, कलम 84 क्लेम कसे असावेत याबद्दल. दोन्ही पूर्ण लागू पडत नाहीत, म्हणून आजवरच्या निर्णयांतून तत्त्व काढलं. मला हे प्रामाणिक वाटलं.

अमेरिकेत मात्र अजून दोन मापं आहेत. अर्ज तपासताना परीक्षक वर्णनाशी सुसंगत असा सर्वांत रुंद वाजवी अर्थ घेतो. दिलेल्या पेटंटाला कार्यालयातच आव्हान दिलं तर 13 नोव्हेंबर 2018 पासून दाखल झालेल्या प्रकरणांत न्यायालयांसारखाच, म्हणजे फिलिप्सचा अर्थ लावतात. परीक्षकाच्या रुंद मापामागे कारण आहे: अर्जदाराच्या हातात अजून दुरुस्ती असते. शब्द रुंद वाटला तर त्याने तो आवळावा.

नवशिका

‘-साठी’ या शब्दाचं काय करतात? म्हणजे ‘क्रेनसाठी आकडा’ असा क्लेम असेल आणि जुन्या दस्तऐवजात मासे पकडायचा गळ असेल तर? दोन्ही आकडेच.

मृण्मयी_द

युरोपीय कार्यालयाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हेच उदाहरण आहे. ‘-साठी’ म्हणजे ‘त्या कामाला योग्य’. गळ क्रेनचं वजन पेलणार नाही, म्हणून तो नावीन्य घालवत नाही. तसंच ‘वितळलेल्या पोलादासाठी साचा’ म्हटलं की बर्फाचा प्लास्टिकचा साचा आपोआप बाहेर, कारण तो पोलाद ओतताच वितळेल. पण जुना आकडा त्या कामाला योग्य असेल, तर तिथे ‘क्रेन’ हा शब्द लिहिलेला नसला तरी नावीन्य जातं. बघा, इथेही क्लेममधला एक प्रत्यय किती काम करतो ते धंद्याची जाण असल्याशिवाय कळत नाही.

संख्यांचंही तसंच. 3.5 सेंटिमीटर लिहिलं आणि दुसरं काही सांगितलं नाही, तर तिथे 3.45 ते 3.54 असं वाचतात. 3.50 लिहिलं तर पट्टा आणखी अरुंद. शेवटचं शून्य लिहिताना विचार करा.

आरेखक

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस परिच्छेद 27 समोर ठेवून बसलो होतो.

मला आधी वाटत होतं की परीक्षकांनी माझा शब्द माझ्याकडून काढून घेतला. आता तसं वाटत नाही. मी हा परिच्छेद लिहिला तेव्हा डोळ्यांपुढे फक्त नक्कल करणारा होता. माझ्याआधी कुणी तरी गोळीवर तोच विचार करून ठेवला असेल, हे मनातच आलं नाही. तो जुना दस्तऐवज पुन्हा नीट वाचला. त्या माणसानेही झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणूनच गोळी सुटी ठेवली होती, आणि तसं स्वच्छ लिहून ठेवलं होतं. माझी कल्पना त्याच्या कल्पनेपेक्षा वेगळी असेल तर ती चकतीच्या सपाटपणातच आहे. सपाट चकतीला कमी उंची लागते, म्हणून झडप अरुंद जागेत बसते. हा फायदा माझ्या वर्णनात आहे, परिच्छेद 31 मध्ये. क्लेममध्ये मात्र त्याचा मागमूस नाही.

दुरुस्ती करायची ठरवली आहे. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम 59 प्रमाणे दुरुस्त क्लेम आधीच्या क्लेमच्या पूर्ण आत बसला पाहिजे आणि मूळ अर्जात त्याला आधार पाहिजे. ‘सपाट’ हा शब्द परिच्छेद 27 मध्येच आहे, त्यामुळे आधार आहे. नवा मसुदा: ‘बैठकीवर सुटी ठेवलेली सपाट चकती, जी प्रवाहाने उचलली असताना स्वतःच्या अक्षाभोवती मोकळी फिरते’.

कातळ, तुम्ही यंत्रं बनवता. तुमच्या बांधावर उभं राहून वाचा आणि सांगा.

कातळ

वाचलं. तीनदा वाचलं. गोळी बाहेर गेली.

पण दोन गोष्टी. एक, परिच्छेद 27 तसाच राहिला तर ‘सपाट चकती’ वाचणारा तिथे जाणार आणि ‘चकती म्हणजे गोलाकारही’ वाचून गोंधळणार. दोन, तुमच्या आकृती 3 मध्ये चकतीची कड तासलेली दिसते. मग सपाट म्हणजे वरची-खालची बाजू सपाट, की सगळी सपाट?

जुनाजाणता

पहिल्या मुद्द्याबद्दल: परिच्छेद 27 मधून ‘बहिर्वक्र, गोलाकार किंवा तत्सम’ काढा आणि दुरुस्तीच्या अर्जात तसं स्पष्ट लिहा. क्लेम आवळला आणि व्याख्या सैल ठेवली तर उद्या न्यायालयात तोच गुंता. वर्णन क्लेमशी जुळवून घेतलंच पाहिजे का, यावर युरोपात मतभेद आहेत, 2025 मध्ये तो प्रश्नही विस्तारित मंडळाकडे गेला, जी 1/25 म्हणून. तिकडे काहीही ठरो, तुम्ही मात्र काढा.

दुसऱ्या मुद्द्याला कातळ यांना पूर्ण गुण. विस्तारित मंडळाने आकृत्याही पाहायच्या म्हटलं ते याचसाठी.

आरेखक

आकृती 3 पुन्हा पाहिली. कड तासलेलीच आहे, पंचेचाळीस अंशांत, आणि परिच्छेद 29 मध्ये ‘चकतीची दोन्ही पृष्ठं परस्परांना समांतर’ असं लिहिलेलं सापडलं. मी स्वतः लिहिलेलं, आणि पार विसरलेलं.

तेव्हा ‘सपाट चकती’ नाही. ‘परस्परांना समांतर अशी दोन सपाट पृष्ठं असलेली चकती’. कडेबद्दल काही बोलत नाही, म्हणजे तासलेलीही चालेल आणि न तासलेलीही. उद्या सकाळी पाठवतो.

कातळ

आता बांध दिसतो. पाठवा.